खेळाचे मालक आणि खेळाचे वहिवाटदार

महसुली दप्तरात मालकी आणि वहिवाट या दोन निराळ्या गोष्टी मानल्या जातात. शेत एकाच्या नावावर असते, आणि त्याच शेताच्या बांधावरून पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याची बैलगाडी जात असते. मालकाने एका सकाळी उठून त्या वाटेवर कुंपण घातले, तर गाडीवाला दाद मागू शकतो, आणि बहुधा त्याला दाद मिळते. त्याने ती वाट विकत घेतलेली नसते, तिच्याबद्दल सारा भरलेला नसतो. तो केवळ इतकी वर्षे तेथून गेलेला असतो. जाण्याने हक्क उत्पन्न होतो, हा विचार कायद्याच्या पोथीत वाचताना साधा वाटतो. पण तो मुळात नीतीचा विचार आहे. शेताबाहेरच्या कोणकोणत्या वस्तूंना तो लागू करता येईल, असा प्रश्न आम्हाला निवृत्तीनंतरच्या रिकाम्या वेळात पुष्कळदा पडतो. या लेखापुरता तो प्रश्न आम्ही खेळाच्या बाबतीत विचारणार आहोत. एखादा खेळ कोणाचा? तो चालविणाऱ्या मंडळाचा, त्यात पैसा घालणाऱ्याचा, मैदानावर उतरणाऱ्याचा, की चाळीस वर्षे त्याच कठड्याला टेकून तो पाहणाऱ्याचा?

उदाहरणासाठी आम्ही क्रिकेट घेत नाही. क्रिकेटचे नाव निघाले की आपण सगळेच पक्षकार होतो आणि न्यायाधीशाच्या खुर्चीवर कोणी उरत नाही. म्हणून दूरचा खेळ निवडला आहे, रग्बी लीग. आमचा भाचा नोकरीनिमित्त बरीच वर्षे यॉर्कशायरमध्ये होता. त्याच्या पत्रांमुळे या खेळाची पहिली ओळख झाली आणि मग वाचनाने ती वाढत गेली. ज्याला आपण नुसते रग्बी म्हणतो त्याहून हा खेळ वेगळा. लंबगोल चेंडू तोच; पण येथे एका बाजूला तेरा खेळाडू, त्या रग्बीत पंधरा. येथे चेंडूवाल्याला पाडले की तो उठून पायाने चेंडू मागे सारतो आणि खेळ पुढे चालतो. अशा सहा झटापटींत जे साधायचे ते साधावे लागते, नाहीतर चेंडू दुसऱ्या बाजूकडे जातो. इंग्लंडच्या उत्तरेकडील लँकेशायर, यॉर्कशायर आणि कंबर्लंड हा कापडगिरण्या, गोदी आणि कोळशाच्या खाणींचा मुलूख, आणि ऑस्ट्रेलियात मुख्यतः सिडनी आणि क्वीन्सलँड, ही या खेळाची घरे. ज्या गावांची नावे आपण नकाशात शोधूनही चटकन सापडणार नाहीत, त्या गावांत हा खेळ ग्रामदैवतासारखा नांदला.

या खेळाचा जन्मच मुळी प्रशासकांच्या एका निर्णयाविरुद्धच्या बंडातून झाला, हे प्रथम सांगितले पाहिजे. त्या काळी गिरणी आणि खाण शनिवारीही अर्धा दिवस चाले आणि सामने शनिवारी दुपारी होत. सामन्यासाठी दूर जायचे तर कामगाराची तेवढी मजुरी बुडे. ती भरून द्यावी, एवढीच उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. १८९३ साली लंडनमध्ये रग्बी संघाच्या सर्वसाधारण सभेत ती २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळण्यात आली. खेळ हा निर्मळ छंद आहे, त्यात पैशाचा स्पर्श नको, असा युक्तिवाद ज्यांनी केला त्यांची शनिवारची मजुरी कधी बुडत नव्हती. (तत्त्वाची किंमत दुसऱ्याने मोजायची असली की तत्त्वनिष्ठा फार सोपी होते, हा अनुभव सचिवालयापासून तहसील कचेरीपर्यंत सर्वांना आहे.) २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेकडील क्लबांनी बैठक भरवून आपला स्वतंत्र संघ काढला. पुढे १९२२ मध्ये त्याला रग्बी फुटबॉल लीग हे नाव मिळाले.

या नव्या संघाच्या प्रशासकांनीही खेळ बदलला, आणि चांगलाच बदलला. १८९७ मध्ये त्यांनी रेषेवरून चेंडू आत फेकण्याची रांग रद्द केली. १९०६ मध्ये पंधरांचे तेरा केले. १९६६ मध्ये एकाच संघाने चेंडू कवटाळून बसू नये म्हणून झटापटींवर मर्यादा आली, प्रथम चार आणि पुढे सहा. हे सर्व निर्णय वरून आलेले होते. प्रेक्षकांचा कौल कोणी घेतला नव्हता. तरीही प्रेक्षक दुरावला नाही. १९५४ साली चॅलेंज कपाचा पुन्हा खेळवलेला अंतिम सामना ब्रॅडफर्डच्या ओड्सल मैदानावर झाला, तेव्हा नोंदलेली प्रेक्षकसंख्याच १,०२,५६९ होती. तेव्हा प्रशासकाने बदल केला म्हणजे अन्याय झाला, असे आमचे म्हणणे नाही. न बदलणारा खेळ पुराणवस्तुसंग्रहालयात जातो.

मग कोणता बदल अन्याय ठरतो? त्यासाठी १९९५ साली जावे लागेल.

त्या वर्षी ऑस्ट्रेलियात दूरचित्रवाणीच्या हक्कांवरून रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कंपनीचे तेथील मंडळाशी युद्ध जुंपले होते. त्या युद्धाचा एक भाग म्हणून इंग्लंडमधील खेळही आपल्या बाजूला असावा, यासाठी मोठी रक्कम पुढे करण्यात आली. ८ एप्रिल रोजी क्लबांचे अध्यक्ष विगन येथे जमले आणि त्यांनी ती स्वीकारली. आकडा प्रथम ७७ दशलक्ष पौंडांचा होता, तो पुढे ८७ झाला. बदल्यात दोन गोष्टी ठरल्या. शंभर वर्षे हिवाळ्यात खेळला जाणारा खेळ आता उन्हाळ्यात खेळायचा, आणि नव्या ‘सुपर लीग’मध्ये जागा थोड्या असल्याने शेजारशेजारच्या क्लबांनी एक व्हायचे. कॅसलफर्ड, वेकफील्ड आणि फेदरस्टन या तिघांचा मिळून ‘कॅल्डर’ नावाचा एक संघ. हल शहरातील दोन्ही क्लबांचा मिळून ‘हंबरसाइड’. विडनेस आणि वॉरिंग्टन मिळून ‘चेशायर’. ही नावे कोणत्याही प्रेक्षकाच्या तोंडी कधी आलेली नव्हती. ती नकाशावरून उचललेली होती.

कागदावर यात गैर काही दिसत नाही. फेदरस्टन हे पंधरा-सोळा हजार वस्तीचे गाव, कॅसलफर्ड तेथून काही मैलांवर. दोन्हींच्या खाणी १९८४-८५ च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या. क्लब कर्जात. एका तालुक्यात तीन कचेऱ्या कशाला, एकच चांगली ठेवू, असा विचार आमच्यासारख्या माणसाला तर लगेच पटावा. परंतु फेदरस्टनने १९६७, १९७३ आणि १९८३ अशा तीन वेळा वेम्बलीवर चॅलेंज कप जिंकलेला होता. ज्या गावात खाणीशिवाय काही नव्हते आणि पुढे खाणही उरली नाही, त्या गावाला ‘आम्ही कोण’ या प्रश्नाचे एकच उत्तर उरले होते, आणि तेच विलीन करण्याचा ठराव झाला होता.

हलची कथा याहून बोलकी आहे. या शहराच्या मधोमध त्याच नावाची नदी वाहते. पश्चिम काठ हल एफ.सी.चा, पूर्व काठ हल किंग्स्टन रोव्हर्सचा. कोणत्या काठावर जन्मला यावरून माणसाचा रंग ठरे. पांढरा-काळा की लाल-पांढरा. १९८० साली चॅलेंज कपाच्या अंतिम सामन्यात हे दोनच संघ समोरासमोर आले. सारे शहर लंडनला निघाले आणि गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर कोणीतरी पाटी लावली की, सर्वांत शेवटी जो जाईल त्याने दिवे मालवावेत. तो सामना रोव्हर्सने १०-५ असा जिंकला. आणि त्यानंतर पंधराच वर्षांनी या दोघांना सांगण्यात आले की, तुम्ही आता एक आहात. विरोध हाच ज्यांच्या नात्याचा आधार, त्यांना एकत्र करून नाते दुप्पट होत नाही, ते नाहीसे होते. बेरजेचा हा नियम हिशेबनिसाला शिकविला जात नाही.

लोक रस्त्यावर आले. मैदानांवर फलक लागले, सभा झाल्या, ‘विलीनीकरण नको’ हा घोष गावोगाव उठला. तीन आठवड्यांत प्रशासकांनी माघार घेतली. विलीनीकरणे बारगळली आणि पैसा मात्र आला. पण सगळेच वाचले नाहीत. कीथली या लहान गावाच्या संघाने त्या हंगामात दुसरी श्रेणी जिंकली होती आणि रिवाजाप्रमाणे त्याची वरच्या श्रेणीत बढती व्हायची होती. नव्या रचनेत त्याला जागा नव्हती. जागा पॅरिसला मिळाली, जेथे व्यावसायिक क्लबही नव्हता. तो नव्याने उभारण्यात आला. २९ मार्च १९९६ रोजी सुपर लीगचा पहिला सामना पॅरिसमध्येच झाला. दोन हंगामांनंतर, १९९७ च्या अखेरीस, तो पॅरिसचा संघ बंद पडला. कीथलीकरांना त्याबद्दल काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

येथे आम्ही प्रशासकांची बाजूही मांडली पाहिजे, कारण आम्ही आयुष्यभर त्याच बाजूच्या टेबलाशी बसलो आहोत. त्या एप्रिलच्या खोलीतील अध्यक्ष खलपुरुष नव्हते. त्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या, मैदाने जीर्ण होती. त्यांना सांगितले गेले होते की आज हो म्हणा, उद्या ही रक्कम नसेल. अशा वेळी निर्णय न घेणे हाही निर्णय असतो, आणि त्याची जबाबदारी कोणी घेत नाही. उन्हाळ्यात खेळणेही सर्वथा वाईट ठरले नाही. कोरड्या मैदानावर खेळ वेगवान झाला, खेळाडू पूर्णवेळ व्यावसायिक झाले, मुलाबाळांना घेऊन संध्याकाळी सामन्याला जाता येऊ लागले. हिवाळी चिखलाची आठवण काढून उसासे टाकणारे म्हातारे आहेत, पण तो उसासा अन्यायाचा पुरावा नव्हे. आम्हालाही चुलीवरच्या भाकरीची आठवण येते. म्हणून गॅसच्या शेगडीवर खटला भरता येत नाही.

तरीही काहीतरी चुकले होते. ते नेमके काय, हे सांगण्यासाठी प्रचलित युक्तिवाद प्रथम बाजूला सारावा लागेल. तो युक्तिवाद असा की प्रेक्षक हा गिऱ्हाईक आहे. माल आवडला तर त्याने तिकीट घ्यावे, न आवडला तर घरी बसावे. दुकानाच्या कारभारात त्याला बोलण्याचा अधिकार नाही. वरवर हे बिनतोड दिसते. परंतु गिऱ्हाइकाचे एक लक्षण असते: त्याला दुसऱ्या दुकानात जाता येते. एका दुकानात डाळ वाईट निघाली तर आपण समोरच्या दुकानात जातो आणि आपल्या मनाला काही होत नाही. फेदरस्टनचा माणूस, आपला क्लब बिघडला म्हणून कॅसलफर्डचा होऊ शकत नाही. हल नदी ओलांडायला पूल आहेत, पण रंग बदलण्यासाठी पूल नाही. बाप ज्या कठड्याशी उभा राहिला तेथेच तो उभा राहतो. त्याची निष्ठा ही त्याने केलेली निवड नाही, ती त्याला मिळालेली मिरास आहे. म्हणून त्याला वहिवाटदार म्हणावे, गिऱ्हाईक नव्हे.

आणि मर्म येथेच आहे. प्रशासकाला हे पक्के ठाऊक असते. सामन्याची वेळ दूरचित्रवाणीच्या सोयीने शुक्रवारी रात्रीची केली, हंगामाचे महिने फिरविले, स्पर्धेची रचना दर चार-पाच वर्षांनी उलटीपालटी केली, तरी हा माणूस येणारच, या गृहीतकावर त्याचे अंदाजपत्रक उभे असते. किंबहुना दूरचित्रवाणीवाला जे विकत घेतो त्यात या माणसाच्या गर्जनेचाही भाग असतो. रिकाम्या मैदानाचे चित्रण कोण पाहील? म्हणजे एकीकडे त्याच्या सोडून जाऊ न शकण्यातून उत्पन्न काढायचे आणि दुसरीकडे, न आवडल्यास सोडून जा, असे त्याला सांगायचे. ही विसंगती केवळ तर्काची नाही, ती नीतीची आहे. ज्याला दुसरे दार नाही त्याच्याशी वागताना आपले कर्तव्य वाढते, कमी होत नाही. शिधापत्रिकेच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाशी आणि बाजारातील गिऱ्हाइकाशी वागण्याचे नियम एक असू शकत नाहीत, कारण पहिल्याला दुसरी खिडकीच नसते. सरकारी नोकरीने आम्हाला काही शिकविले असेल तर ते हेच, आणि ते आम्ही कोणत्याही नियमपुस्तिकेत वाचलेले नाही.

याला जोडून आणखी एक निरीक्षण. भूसंपादनाच्या तक्त्यात घर, विहीर, आंब्याची झाडे, गोठा, सर्वांना रकाने असतात आणि प्रत्येकाची किंमत ठरते. गावाच्या पाराला रकाना नसतो. पार कोणाच्या नावावर नसतो, म्हणून त्याचे नुकसान कोणालाच झालेले नसते, असा कागदाचा निष्कर्ष निघतो. ज्याला रकाना नाही त्याचे नुकसान नाही, ही कागदी कारभाराची सर्वांत जुनी चूक आहे. विगनच्या त्या सभेत क्लबांचे अध्यक्ष होते. त्यांच्याजवळ कर्जाचा रकाना होता, उत्पन्नाचा होता. जे जाणार होते ते ज्यांचे होते, त्यांच्यापैकी खोलीत कोणी नव्हते.

ऑस्ट्रेलियात हीच गोष्ट न्यायालयापर्यंत गेली, म्हणून ती अधिक विस्ताराने पाहण्याजोगी आहे. तेथील युद्धात १९९७ साली दोन समांतर स्पर्धा भरल्या आणि दोघांचेही दिवाळे निघायची पाळी आली. तहात ठरले की, २००० सालापासून एकच स्पर्धा, चौदाच संघ. जास्तीच्या संघांनी विलीन व्हावे किंवा निकषांच्या परीक्षेला बसावे. बाल्मेन आणि वेस्टर्न सबर्ब्ज एक झाले. सेंट जॉर्ज आणि इलावारा एक झाले. साउथ सिडनीने नकार दिला. १९०८ साली स्पर्धा सुरू झाली तेव्हाच्या मूळ क्लबांपैकी हा एक; गोदीकामगार आणि कारखान्यातील मजुरांच्या वस्तीतला; त्याच्या नावावर वीस अजिंक्यपदे, जी इतर कोणाकडेही नव्हती. पण शेवटचे अजिंक्यपद १९७१ चे. निकषांत इतिहासाला गुण थोडे आणि ताळेबंदाला जास्त. ऑक्टोबर १९९९ मध्ये साउथ सिडनीला वगळण्यात आले.

त्यानंतर जे घडले ते खेळांच्या इतिहासात विरळा. क्लबाचे अध्यक्ष जॉर्ज पिगिन्स यांनी न्यायालयात धाव घेतली. नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीच्या रस्त्यांवरून मोर्चा निघाला. अंदाज ऐंशी हजारांचा दिला जातो. त्यात इतर क्लबांचे, ज्यांच्याशी शनिवारी वैर असे त्यांचेही, चाहते होते. पहिल्या न्यायाधीशांनी दावा फेटाळला. जुलै २००१ मध्ये अपिलात तो मान्य झाला आणि २००२ च्या हंगामात साउथ सिडनी परतला. पुढे ऑगस्ट २००३ मध्ये सर्वोच्च स्तरावरील न्यायालयाने न्यूज कंपनीचे अपील मान्य केले. चौदा संघांची अट स्पर्धाविषयक कायद्याचा भंग करीत नाही, असे ठरले. म्हणजे कायद्याने मालक जिंकला. पण तोवर वहिवाटदार आपल्या वाटेवर पुन्हा चालू लागला होता, आणि त्याला दुसऱ्यांदा हाकलण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. २०१४ साली साउथ सिडनीने कँटरबरीला ३०-६ असे हरवून त्रेचाळीस वर्षांनी अजिंक्यपद मिळविले. निकालपत्र एक सांगते आणि मैदान दुसरे सांगते, अशा वेळी निकालपत्र चुकले असे आम्ही म्हणणार नाही. न्यायाधीशांपुढे जो प्रश्न होता त्याचे उत्तर त्यांनी दिले. वहिवाटीचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच.

आमच्या इंदूरला हे ऐकून होळकर संघ आठवल्यावाचून राहत नाही. सी. के. नायडूंच्या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकलेला हा संघ १९५४-५५ च्या हंगामानंतर संपला आणि त्याच्या जागी मध्य भारताचा संघ आला. संस्थानच गेल्यावर संस्थानाचा संघ कसा राहणार, हे बरोबरच. कोणी मोर्चा काढला नाही. आमच्या वडिलांची पिढी मात्र पुढे कितीतरी वर्षे ‘होळकर’ असे नुसते म्हणत असे, आणि ऐकणाऱ्याला ते घराण्याविषयी बोलतात की संघाविषयी हे आवाजावरून कळत असे. मध्य प्रदेशाने प्रथमच रणजी करंडक जिंकला तो २०२२ साली.

आता आमच्या म्हणण्यावरचा सर्वांत अवघड आक्षेप. वहिवाट जर हक्क देते, तर वाईट वहिवाटीचे काय? मुंबईच्या पंचरंगी सामन्यांना जी गर्दी लोटत असे ती पाहिलेली माणसे आमच्या लहानपणी हयात होती. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि ‘इतर’ अशा संघांत होणाऱ्या त्या सामन्यांवर लोकांचे निःसंशय प्रेम होते. १९४० च्या डिसेंबरात गांधीजींनी त्यांच्याविरुद्ध मत दिले, आणि १९४५-४६ नंतर ते सामने बंद झाले. प्रेक्षकांचा कौल घेतला असता तर ते कदाचित चालूच राहिले असते. तरीही ते बंद करणे योग्य होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रेम हा दावा आहे, निकाल नव्हे.

रग्बी लीगमध्ये आज असाच एक प्रश्न डोक्याला होणाऱ्या इजेचा आहे. अनेक माजी खेळाडूंनी, ऐन पन्नाशीच्या आत-बाहेर स्मृतिभ्रंशाची लक्षणे दिसू लागल्यावर, मंडळाविरुद्ध दावे लावले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या मंडळाने प्रतिस्पर्ध्याला अडविताना पकड काखेच्या खालीच असावी, अशा दिशेने नियम बदलण्याचे जाहीर केले. पुष्कळ प्रेक्षक रागावले; हा खेळ आता मऊ झाला, असे म्हणू लागले. येथे आम्ही प्रेक्षकांच्या बाजूने उभे राहणार नाही. ज्याच्या मेंदूवर आघात होतो त्याचा हक्क, जो तो आघात पाहून टाळी वाजवितो त्याच्या हक्काहून वरचा आहे.

मग भेद कोठे करावा? आमच्या मते प्रशासकाने निर्णय सांगताना वापरलेली कारणे पाहावीत. ‘तुमच्या मुलाच्या डोक्याला इजा होऊ नये म्हणून’ हे कारण कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाला तोंडावर सांगता येते. तो रागावेल, पण त्या कारणात त्याचाही खेळ आहे. ‘तेरांनी खेळ मोकळा होतो’ हेही सांगता येते. परंतु ‘दूर देशातील दूरचित्रवाणीच्या भांडणात आम्हाला एक बाजू घ्यायची आहे, म्हणून तुमचे गाव आणि शेजारचे गाव आजपासून एक’ हे तोंडावर सांगता येत नाही. म्हणून ते वर्तमानपत्रांतून कळवावे लागते. जो निर्णय ज्याच्यावर होतो त्याच्यासमोर उच्चारता येत नाही, त्या निर्णयाची नस्ती परत मागवावी. पैशाची गरज हे खोटे कारण नव्हे. क्लब बुडाला तर वाटही जाते आणि शेतही जाते. ब्रॅडफर्डने १९९७ ते २००५ या काळात चारदा सुपर लीग जिंकली आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याची जुनी कंपनी दिवाळखोरीत मोडीत निघाली. एवढेच की, गरज खरी असेल तर ती उघड करून, ज्याचे जाते त्याला बोलावून सांगावी.

अलीकडचा बदल या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २०२२ मध्ये इंग्लंडच्या मंडळाने आय.एम.जी. या कंपनीशी बारा वर्षांचा करार केला आणि २०२३ मध्ये क्लबांनी बहुमताने नवी गुणपद्धती स्वीकारली. वरच्या श्रेणीत कोण, हे आता गुणतक्त्यातील शेवटच्या स्थानावरून ठरणार नव्हते. प्रत्येक क्लबाला वीसपैकी गुण: चाहतावर्ग, खेळातील कामगिरी, अर्थव्यवस्था, मैदान आणि परिसरातील कार्य. चाहत्यांना पंचवीस टक्के वजन आहे, हे येथे मुद्दाम सांगतो. म्हणजे प्रशासक चाहत्याला विसरला, असे आता म्हणता येत नाही. त्याने त्याला मोजले. प्रेक्षकसंख्या मोजली, समाजमाध्यमांवरील अनुयायी मोजले, दूरचित्रवाणीवर पाहणारे मोजले. फेदरस्टनच्या कठड्याला टेकलेला सत्तरीचा गृहस्थ, ज्याच्याजवळ साधा दूरध्वनी आहे, तो एकदाच मोजला जातो.

लंडन ब्राँकोज या संघाचे काय झाले पाहा. २०२३ च्या अखेरीस त्याने दुसऱ्या श्रेणीचा अंतिम सामना जिंकून सुपर लीगमध्ये प्रवेश मिळविला. त्याच महिन्यात नमुन्यादाखल गुण जाहीर झाले, त्यात लंडनचा क्रमांक चोविसावा. म्हणजे २०२४ चा हंगाम सुरू होण्याआधीच सर्वांना दिसत होते की, हा संघ मैदानावर काहीही करो, वर्षअखेरीस तो खालीच जाणार. आणि तो गेला. तरी ते खेळाडू वर्षभर उतरले, काही सामने जिंकलेही, आणि त्यांच्यामागून थोडे लोक दर आठवड्याला गेले. ज्याचा निकाल लागून गेला आहे असा खटला लढविणाऱ्या वकिलाबद्दल आम्हाला जे वाटेल तेच त्यांच्याबद्दल वाटते. गुणपद्धतीचे समर्थक म्हणतात की, खाली जाण्याच्या भीतीने क्लब कर्ज काढून खेळाडू घेतात आणि बुडतात. ते खरे आहे. पण खाली जाण्याच्या भीतीबरोबरच वर येण्याची आशाही होती, आणि ती आशा अर्जाच्या नमुन्यात भरून द्यायची वस्तू नाही. हल किंग्स्टन रोव्हर्स २०१६ साली एका निर्णायक सामन्यात सॅलफर्डकडून एका गुणाने हरून खाली गेला, पुढच्याच वर्षी खेळून वर आला. आणि २०२५ मध्ये त्याने चॅलेंज कप, साखळीतील अव्वल क्रमांक आणि सुपर लीगचा अंतिम सामना अशी तिन्ही पदे एकाच हंगामात मिळविली. चाळीस वर्षांत पहिला मोठा करंडक, आणि पाठोपाठ आणखी दोन. १९९५ च्या ठरावाप्रमाणे हा क्लब तीस वर्षांपूर्वी संपलेला असता. हंबरसाइडने काय मिळविले असते ते कोणी सांगू शकत नाही. पण नदीच्या पूर्व काठाला ते स्वतःचे वाटले असते असे आम्हाला वाटत नाही.

एक प्रकरण अजून निकाली निघायचे आहे. सिडनीच्या उत्तर भागातील नॉर्थ सिडनी बेअर्स हाही १९०८ चाच क्लब. त्याची अजिंक्यपदे दोनच, १९२१ आणि १९२२ ची. १९९९ नंतर तो शेजारच्या मॅनलीशी जोडला गेला. ते जोडपे तीन हंगामांत मोडले, मॅनली पुन्हा मॅनली झाला आणि बेअर्सला वरच्या स्पर्धेत जागा उरली नाही. खालच्या श्रेणीत तो खेळत राहिला, त्याच लाल-काळ्या रंगात, त्याच मैदानावर. मे २०२५ मध्ये जाहीर झाले की, २०२७ पासून बेअर्स वरच्या स्पर्धेत परत येणार. मात्र पर्थचा संघ म्हणून. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या राज्य सरकारने त्यात पैसा घातला आहे. पर्थ सिडनीपासून तीन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. नाव तेच, अस्वल तेच, रंग तेच. पाव शतक वाट पाहिलेल्या नॉर्थ सिडनीच्या माणसांपैकी काहींनी आनंद केला आहे, काही म्हणतात हा आपला नव्हे. वाट परत मिळाली, पण ती आता दुसऱ्याच गावच्या शेतातून जाते, अशा दाव्यात काय निकाल द्यावा हे आमच्या दप्तरात कोठे लिहिलेले नाही. पहिल्या सामन्याच्या दिवशी तो जुना माणूस दूरचित्रवाणीसमोर कोणत्या रंगाचा सदरा घालून बसतो, ते पाहिले पाहिजे.